पोटाची गोळी आणि तापाची गोळी

नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीला लागून असलेल्या सखल, खाजण जमिनीवर उभा आहे. सिडकोनं शहर आखताना डच धर्तीचे धारण तलाव बांधले ते याच कारणानं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तिथं थांबावं आणि ओहोटीला खाडीत निघून जावं, अशी ती योजना. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की मात्र हा हिशेब चुकतो. मग भुयारी मार्ग, तुर्भ्याच्या बाजार समितीकडचे रस्ते, एमआयडीसीतल्या गल्ल्या पाण्याखाली जातात. गोणी वाहणारा माथाडी असो की स्टेशनकडे निघालेली बँकेतली बाई, सगळ्यांना त्याच पाण्यातून वाट काढावी लागते. त्या पाण्यात उंदराघुशींचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि त्यात लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्री आकाराचे जंतू असू शकतात. पायाला एखादी भेग, एखादा ओरखडा असला की त्यांना आत शिरायला तेवढं पुरतं.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोनं जे थैमान घातलं, ते इथल्या डॉक्टरांच्या पिढीला विसरता आलेलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात आवाहन ठरलेलं असतं : साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध घ्या. हे औषध म्हणजे डॉक्सिसायक्लीन. पायाला जखम नाही आणि एकदाच पाण्यातून जाणं झालं, अशा प्रौढ माणसाला मुंबई महापालिकेच्या सूचनांप्रमाणे २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा पुरते. या उपायाला आधार आहे तो पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरच्या प्रयोगाचा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन घेणाऱ्या ४६९ जणांपैकी एकाला लेप्टो झाला, नुसतीच खोटी गोळी घेणाऱ्या ४७१ जणांपैकी वीस जणांना.

एकच मात्रा, हे शब्द लक्षात ठेवावेत. पाच दिवसांच्या औषधात एखादी गोळी वाया गेली तर उरलेल्या गोळ्या थोडंफार सांभाळून घेतात. इथं सांभाळून घेणारी दुसरी गोळी नसते. आणि डॉक्सिसायक्लीन ही काही प्रेमळ गोळी नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, छातीत जळजळतं. पाणी कमी प्यायलं किंवा गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेतच चिकटून तिथं व्रण करू शकते. मग घरात जे नेहमी हाताशी असतं ते पुढे येतं. फ्रीजच्या दारातली डायजीनची गुलाबी बाटली, पर्समधली जेलुसिलची गोळी. कुणी आधीच खबरदारी म्हणून दोन्ही एकदमच घेतो. १९८९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हीच जोडी निरोगी माणसांना देऊन रक्त तपासलं. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या आम्लनाशकासोबत दिलेल्या डॉक्सिसायक्लीनचं शोषण सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे २०० मिलिग्रॅम गिळून अंगी लागले ते तीसएक मिलिग्रॅमच. गंमत अशी की त्याच अभ्यासात अॅमॉक्सिसिलिनला त्या आम्लनाशकानं फारसा धक्का लावला नाही. सगळी प्रतिजैविकं एका माळेचे मणी नाहीत, आणि हा विषय गुंतागुंतीचा होतो तो इथूनच.

हा घोटाळा प्रतिजैविकांच्या युगाइतकाच जुना आहे. टेट्रासायक्लीन कुळातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मिसुरीतल्या एका शेताच्या मातीतून मिळालेल्या जंतूपासून ते काढलं, आणि १९४८ साली ते जगापुढे आलं. तिथल्या संशोधनाची धुरा तेव्हा आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. औषध गुणी होतं, पण त्यानं रोग्यांना ओकाऱ्या होत. डॉक्टरांनी साहजिकच सोबत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल द्यायला सुरुवात केली. रोग्यांना बरं वाटू लागलं. १९५० साली बर्टन वाइसब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं रक्तातलं औषध मोजून पाहिलं, तेव्हा कळलं की जेलसोबत घेतलेलं ऑरिओमायसिन रक्तात नीट पोहोचतच नाही. पोट शांत झालं होतं, त्यामागचं एक कारण असंही असू शकतं की औषध आतडं ओलांडून पलीकडे जातच नव्हतं.

यातला विरोधाभास आणखी एका गोष्टीनं ठसतो. त्याच्या काही वर्षं आधी पेनिसिलिन तोंडानं देण्याचे प्रयोग चालू होते, आणि तिथं आम्लनाशक हा मित्र होता. मूळचं पेनिसिलिन जठरातल्या आम्लात नष्ट होतं, म्हणून त्याच्यासोबत आम्ल मारणारी द्रव्यं देऊन पाहिली जात. एका औषधाला जी ढाल वाटली ती दुसऱ्याला बेडी ठरली. आपल्याकडे जुन्या दवाखान्यांत कागदी पट्टी चिकटवलेल्या बाटलीतून पोटासाठी जे पांढुरकं मिश्रण मिळायचं, त्यातही सोडा किंवा मॅग्नेशियमचे क्षार असत. टेट्रासायक्लीनची कॅप्सूल आणि ते मिश्रण किती जणांनी एका घोटात घेतलं असेल, याचा हिशेब आता कोण ठेवणार?

कारण रसायनात आहे आणि ते समजायला सोपं आहे. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत ज्यांनी जिवंत चिंबोरी हाताळली आहे त्यांना तर ते लगेच कळेल. चिंबोरी एका नांगीनं धरते तेव्हा सोडवता येते. दोन्ही नांग्यांनी धरलं की सुटका नाही. खेकड्याच्या नांगीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच १९२० साली मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी ‘कीलेट’ हा शब्द घडवला. टेट्रासायक्लीनच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू अशा जागी शेजारी शेजारी बसलेले आहेत की दोन किंवा तीन विद्युतभार असलेला धातूचा आयन मिळाला की ते त्याला दोन्ही बाजूंनी पकडतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि लोह हे दोन भारांचे, अॅल्युमिनियम तीन भारांचा. पकड बसली की तयार होणारा जोड आतड्याच्या अस्तरातून आत शिरत नाही, विष्ठेवाटे निघून जातो. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यावर एकच भार असतो, त्यामुळे अशी पकड बसत नाही. म्हणून जुलाबात दिलं जाणारं ओआरएसचं पाणी निर्धोक आहे. इनोच्या पुडीतही मुख्यतः सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं, धातूंची ती टोळी नसते. अर्थात सोड्यानं जठरातलं आम्ल कमी होतं, आणि काही औषधं विरघळायला आम्ल लागतं. तो मुद्दा पुढे येईलच.

हीच पकड इतरत्रही दिसते. आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लीन देत नाहीत, कारण वाढत्या दातातल्या कॅल्शियमला ते चिकटतं आणि दात कायमचे पिवळे पडतात. हाडातही ते असंच बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. जॉर्ज अर्मेलागोस यांच्या गटाला १९८० साली न्यूबियातल्या, म्हणजे आजच्या सुदानच्या परिसरातल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत ही चमक दिसली. ती माणसं धान्याची बीअर पीत आणि त्या धान्यावर टेट्रासायक्लीन बनवणारे जंतू वाढत, असा त्याचा अर्थ लावला गेला. कॅल्शियमची पकड इतकी चिवट, की औषध संपलं, माणूस संपला, तरी हाडातली सही राहिली.

टेट्रासायक्लीनच्या शेजारी दुसरं कूळ बसतं ते क्विनोलोन औषधांचं : सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. शहरातल्या कुठल्याही मेडिकलच्या फळीवर ही हारीनं लावलेली असतात. लघवीचा जंतुसंसर्ग, जुलाब, पूर्वी टायफॉइड, सगळीकडे हीच. यांच्या रेणूतही ऑक्सिजनच्या तशाच दोन नांग्या आहेत. १९८९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पाच-दहा मिनिटं आधी आम्लनाशक दिलं, तर औषधाचा जेमतेम सातवा हिस्सा रक्तात पोहोचला. आम्लनाशक दोन तास आधी दिलं तरी पाव हिस्साच. चार तास आधी दिलं तर सत्तर टक्के, आणि सहा तासांचं अंतर ठेवलं तेव्हा कुठे पूर्ण. उलट औषध आधी घेऊन दोन तासांनी आम्लनाशक घेतलं, तर काहीच बिघडलं नाही. घड्याळ दोन्ही दिशांना सारखं चालत नाही, ही या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. औषध दोन तासांत शोषलं जाऊन मोकळं होतं. धातूचे क्षार मात्र आतड्यात बराच काळ रेंगाळतात. ‘दोन तासांचं अंतर ठेवा’ हा सल्ला आपण सर्रास ऐकतो, पण कुठलं आधी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

लोहाच्या गोळीचा परिणामही असाच. हेलसिंकीच्या पेर्ट्टी नेउव्होनेन यांनी १९७०च्या सुमारास हा विषय लावून धरला आणि लोहामुळे टेट्रासायक्लीनचं शोषण किती पडतं ते दाखवलं. त्यांचं पुढचं निरीक्षण अधिक चमत्कारिक आहे. डॉक्सिसायक्लीन शिरेतून दिलं तरी, तोंडानं लोह घेणाऱ्यांच्या रक्तातून ते लवकर निघून जात होतं. औषधाचा काही भाग आतड्यात उतरतो आणि तिथून पुन्हा शोषला जातो. त्या परतीच्या वाटेवर लोह दबा धरून बसलेलं असतं. म्हणजे डॉक्सिसायक्लीनच्या बाबतीत नुसतं तासांचं अंतर पूर्ण उपाय होत नाही. छोट्या कोर्सपुरती लोहाची गोळी थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं जास्त शहाणपणाचं. कोकणात भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नाही. लेप्टोची प्रतिबंधक गोळी आणि अॅनिमियासाठीची लोहाची लाल गोळी, दोन्ही एकाच आरोग्य केंद्रातून, कधी एकाच आशाताईंच्या हातून येऊ शकतात.

आपल्या चिठ्ठीची एक ठरलेली चौकट आहे. प्रतिजैविक, त्यासोबत ‘पोटाला’ एक गोळी, आणि ‘ताकदीला’ एक कॅप्सूल. न दिली तर रोगीच विचारतो, ‘डॉक्टर, अॅसिडिटीचं काही नाही दिलंत?’ ताकदीच्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. साधं बेकोस्यूल्स हे मुख्यतः ब जीवनसत्त्वांचं, त्याला पकडण्याजोगा धातू त्यात नगण्य. त्याच नावापुढे ‘झेड’ लागला की आत जस्त आलं. झिंकोविटसारख्या गोळ्यांत तर खनिजांची रांगच असते. १९८९च्याच एका अभ्यासात जस्तयुक्त जीवनसत्त्वांच्या गोळीनं सिप्रोफ्लॉक्सासिनचं शोषण चोवीस टक्क्यांनी घटवलं, लोहानं चौसष्ट टक्क्यांनी. लहान मुलांच्या जुलाबात जस्ताचं औषध देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००४पासूनची आहे आणि ती योग्यच आहे. पण आपल्याकडे त्या जस्तासोबत ऑफ्लॉक्सासिनची गोड बाटलीही बहुधा विनाकारण दिली जाते, आणि आई दोन्ही चमचे एकामागोमाग भरवते. माझ्या मते तिथं चुकीची बाटली जस्ताची नसून दुसरी असते.

सगळ्यात जड हात सुक्राल्फेटचा. गोडसर, घट्ट, जेवणाआधी घ्यायचं हे द्रावण अल्सरसाठी आणि हल्ली नुसत्या जळजळीसाठीही लिहिलं जातं. ते अॅल्युमिनियमचंच संयुग आहे. नॉरफ्लॉक्सासिन त्याच्याबरोबर घेतलं तेव्हा शंभरातले दोनच भाग रक्तात आले, अशी मापनं आहेत.

मग पॅन्टोप्राझोलचं काय, असा प्रश्न येईल, कारण सकाळी उपाशीपोटी ‘पॅन’ घेणं हे या शहरात दात घासण्याइतकं रुळलं आहे. तिथं धातू नाही, म्हणून पकडही नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लीनला त्याचा फारसा त्रास नसतो. पण ते जठरातलं आम्लच कमी करतं, आणि सेफपोडॉक्झिम किंवा सेफ्युरॉक्झिम ॲक्झेटिलसारख्या औषधांना आतून शोषलं जाण्यासाठी ते आम्ल हवं असतं. आम्ल दडपलं असताना सेफपोडॉक्झिमचं शोषण सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. इथं तासांच्या अंतराचा उपाय चालत नाही, कारण ‘पॅन’चा अंमल दिवसभर असतो. जेवणासोबत गोळी घेणं आणि पोटाची गोळी खरंच लागते का ते विचारणं, एवढंच हातात उरतं. अॅझिथ्रोमायसिनच्या बाबतीत आम्लनाशकानं रक्तातलं शिखर थोडं खाली येतं, एकूण शोषण तेवढंच राहतं. सेफिक्झिमलाही विशेष बाधा नाही.

आणि एक अपवाद असा की जो नियमच उलटा करतो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूंसाठी टेट्रासायक्लीन आणि बिस्मथ मुद्दाम एकत्र दिले जातात. बिस्मथही शोषण रोखतं. पण तिथं औषधाला रक्तात जायचंच नसतं, जठराच्या भिंतीवरच लढायचं असतं.

आयुर्वेदिक औषधांचा या चर्चेत सहसा उल्लेखच होत नाही, कारण रोगी ती डॉक्टरांना औषध म्हणून सांगतच नाही. आम्लपित्तासाठी घेतली जाणारी शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ ही मुळात शिंपले, कवड्या आणि पोवळी, म्हणजे कॅल्शियमची संयुगं. लोहभस्म आणि मंडूर हे लोह. जसदभस्म म्हणजे जस्त. रेणूला कुठली पोथी मान्य आहे हे आयन विचारत नाही. चुन्याचंही तसंच, पण प्रमाण पाहावं. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खाण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. त्या दाण्यात जेवढं कॅल्शियम असेल त्याच्या कितीतरी पट ते वाटीभर दह्यात आधीच असतं. नेउव्होनेन यांच्याच गटानं पुढे मोजलं, तेव्हा दुधानं किंवा दह्यानं सिप्रोफ्लॉक्सासिनचं शोषण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं. ‘औषध गरम पडतं, दुधाबरोबर घे’ हा आजीचा सल्ला अॅमॉक्सिसिलिनला चालेल, डॉक्सिसायक्लीनला थोडं नुकसान करून निभावेल, सिप्रोला नाही.

एवढ्यानं कुणाचा ताप दोन दिवस उशिरा उतरला, तर त्यात मोठं काय, असं वाटेल. मोठं आहे ते क्षयरोगात. २०१२च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले, आणि हा महानगर परिसर त्या रोगाच्या नकाशावर ठळक झाला. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन हा महत्त्वाचा आधार असतो. २०२४मध्ये केंद्र सरकारनं मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारात बेडाक्विलिन, प्रिटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधं आहेत. आता रोग्याच्या बाजूनं बघा. सहा महिने मळमळ, म्हणून आम्लनाशक. वजन घटलेलं, म्हणून शेजारच्यानं सुचवलेली खनिजांची गोळी. लिनेझोलिडमुळे अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्त कमी होऊ शकतं, म्हणून लोह. एका औषधाचा दोष झाकायला आलेली गोळी शेजारच्या औषधाला पकडून बसते. अपुऱ्या मात्रेत औषध पोहोचलं की दुबळे जंतू मरतात, सोसणारे उरतात, आणि तेच पुढच्या घरात जातात. गोळी चुकवणारा रोगी नोंदीत सापडतो. प्रत्येक गोळी वेळेवर घेऊनही निम्मी गमावणारा सापडत नाही.

हे सांगायचं कुणी? आम्लनाशकाला चिठ्ठी लागत नाही, त्यामुळे डॉक्टरांना ते कळत नाही. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१५च्या नियमांत औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरवर कात्रीनं पट्टी कापून देताना ते होत नाही. खरं तर त्याला एकच वाक्य पुरेल : ‘घरी अॅसिडिटीचं, कॅल्शियमचं, रक्तवाढीचं काही चालू आहे का?’ उत्तर हो आलं तर पुढचं बरंचसं गणित घड्याळाचं आहे. सिप्रो घ्यायचं ते अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी. लिव्होफ्लॉक्सासिनला दोन्ही बाजूंना दोन तास चालतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन हट्टी, त्याला आधी चार आणि नंतर आठ तास हवेत. डॉक्सिसायक्लीन दोन-तीन तास दूर ठेवून, पोटात काही खाऊन, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं न होता.

क्षयरोग्याच्या बाबतीत हे वेळापत्रक बसवणं अवघड नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिन सकाळी आठला ठेवलं आणि लोह रात्री दहाला, तर दोघांच्या मध्ये एका बाजूला चौदा तास पडतात, दुसऱ्या बाजूला दहा. आम्लनाशक लागलंच तर दुपारी बारानंतर. गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेननं सूर्य आणि चंद्र काढून दिला, तर वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.